पॅनेल बदललं, हाताने लिहिलेल्या ओळींचं काय?

२०१९ मध्ये सीपॅनेलने खात्यांच्या संख्येनुसार दर लावले आणि बऱ्याच होस्टिंगवाल्यांनी दुसरी पॅनेलं धुंडाळायला सुरुवात केली. ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ची मुदत संपली, तेव्हा अनेकांना सर्व्हरच बदलावा लागला. अशा स्थलांतरात साइटच्या फाइली आणि डेटाबेस सहसा नीट पोचतात. घोळ होतो तो वर्षानुवर्षं हाताने लिहिलेल्या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये.

गैरसमज : इम्पोर्टचं बटण दाबलं की सगळं येतं.

वस्तुस्थिती : इम्पोर्टर त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीच उचलतो : खाती, डोमेन, मेलबॉक्स, डेटाबेस. कुणीतरी घाईत अपाचेच्या मुख्य फाइलीत घुसवलेल्या दोन ओळींची त्याला खबरच नसते.

गैरसमज : मग जुनी कॉन्फिग फाइल तशीच उचलून ठेवू.

वस्तुस्थिती : ठेवा, पण ती पुढचं डोमेन जोडेपर्यंतच टिकेल. सीपॅनेलसारखी पॅनेलं मुख्य फाइल साच्यावरून पुन्हा पुन्हा तयार करतात आणि त्यात हाताने केलेले बदल पुसले जातात. आपल्या ओळींसाठी सीपॅनेलमध्ये वेगळ्या इन्क्लूड फाइली आहेत, प्लेस्कमध्ये जादा डायरेक्टिव्ह लिहायचा रकाना आहे. लिहायचं ते तिथेच.

गैरसमज : डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइल कॉपी झाली, म्हणजे नियमही आले.

वस्तुस्थिती : सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. एनजिनएक्स ही फाइल वाचतच नाही. रीराइटचे नियम गेले तर पानं ४०४ देतात, ओरड होते, निदान कळतं तरी. प्रवेशबंदीचे नियम गेले तर मात्र काहीच मोडत नाही. साइट मजेत चालते आणि पासवर्डमागे ठेवलेला बॅकअपचा फोल्डर जगाला खुला होतो. पुढे एनजिनएक्स आणि मागे अपाचे अशी जोडी असेल तर नियम चालतात, हे खरं. पण चित्रं, पीडीएफ, झिप अशा फाइली एनजिनएक्स परस्पर देत असेल, तर त्या विनंत्या अपाचेपर्यंत पोचतच नाहीत. झाकायच्या असतात त्या नेमक्या याच फाइली!

गैरसमज : कॉन्फिगची चाचणी 'ओके' म्हणाली, काम झालं.

वस्तुस्थिती : ती चाचणी व्याकरण तपासते, वागणूक नाही. एनजिनएक्समध्ये सुरक्षेचे हेडर सर्व्हरच्या पातळीवर लिहिले आणि एखाद्या लोकेशनमध्ये कॅशसाठी एकच 'अ‍ॅड हेडर' ओळ टाकली, तर वरचे सगळे हेडर त्या लोकेशनपुरते गळतात. चाचणी तरीही 'ओके'च म्हणते.

म्हणून हलण्याआधी ओळींची नव्हे, उत्तरांची यादी करावी : कोणत्या पत्त्यावर २०० यायला हवं, कुठे ३०१, कुठे ४०३. डीएनएसला हात न लावता 'कर्ल'च्या 'रिझॉल्व्ह' पर्यायाने तेच पत्ते नव्या सर्व्हरला विचारता येतात. यादीतल्या कशालाच जी जुनी ओळ लागत नाही, ती टाकून द्यायला हरकत नाही. अशा बऱ्याच निघतात. रीडायरेक्ट पक्के होईपर्यंत ३०२ वापरा, कारण चुकलेलं ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. आणि डीएनएस बदलला त्याच संध्याकाळी जुना सर्व्हर बंद करू नका. त्याच्या लॉगमध्ये खऱ्या वाचकांच्या विनंत्या यायच्या थांबल्या, की मगच करा.