नदीकाठच्या केबली आणि त्यांची राखण

श्रीगोंदे तालुक्याच्या शिवेवरून घोड आणि भीमा या नद्या वाहतात. पेडगावासारख्या नदीकाठच्या गावांत पाणी उपसायचे तर मोटार काठावर, आणि तिथून वरच्या पेटीपर्यंत केबल. पाणी आटले की मोटार खाली सरकवायची, पूर आला की वर ओढायची. म्हणून केबल जरा लांबच घेतात आणि उरलेले वेटोळे काठावर टाकून देतात. एका जागी दहा जणांच्या मोटारी असल्या, की कोणती केबल कोणाची हे मालकालाही चटकन सांगता येत नाही. चोराला नेमके हेच हवे असते.

चोर येतो तांब्यासाठी. किती तांबे असते हो त्यात? गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडावे. चार चौरस मिलिमीटर जाडीच्या तीन तारांची केबल 100 मीटर घेतली, तर एका तारेचे घनफळ 400 घनसेंटिमीटर भरते. तांब्याचा एक घनसेंटिमीटर म्हणजे 8.96 ग्रॅम. तिन्ही तारा मिळून पावणेअकरा किलो तांबे झाले! वरचे प्लॅस्टिक जाळले की ओळखीची खूणही उरत नाही. चोराला मिळतो भंगाराचा भाव. शेतकऱ्याला मात्र नवी केबल घ्यावी लागते, आणि ती जोडून होईपर्यंत भर चैत्रात ऊस नि लिंबोणी तहानेने माना टाकतात.

तेव्हा पहिला उपाय हा, की जिथे चालेल तिथे ॲल्युमिनियमची केबल वापरावी. ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे साठ टक्केच वीज वाहते, म्हणून चारच्या जागी निदान सहा चौरस मिलिमीटरची तार लागते. तरीही त्याच लांबीत धातू भरतो पाच किलोच्या आत, आणि भंगारात त्याला भावही कमी. एक सावधगिरी मात्र हवी. तांबे आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडले, तर ओलीत तो जोड कुजतो, तापतो आणि मोटार जळते. दोन धातूंसाठी मिळते तीच थिंबल वापरावी आणि जोड पाण्याच्या पातळीच्या वर, पेटीत घ्यावा.

दुसरा उपाय पुरण्याचा. काठापासून पेटीपर्यंतची केबल पाइपात घालून अडीच फूट खोल चरात ठेवावी, वर वाळू आणि विटांचा थर द्यावा. चर एकट्याने खणायचा म्हटला तर जिवावर येते. दहा जणांनी मिळून एकच चर खणला, आणि प्रत्येकाचा पाइप त्यात वेगळा ठेवला, तर खर्च वाटला जातो. शिवाय नांगराचा फाळ, उंदीर आणि पाचटाची आग, या तिन्हींपासून केबल वाचते. चोरीपेक्षा यांनीच कितीदा तरी नुकसान होते, पण त्याची बोंब होत नाही! मोटारीजवळचा मोकळा तुकडा मात्र उघडाच राहणार. तो लाकडी खुंटांवर गुंडाळावा. मोटार ओढायची ती दोराने, केबलीने कधीही नाही.

आता खुणा. प्रत्येकाने आपला एक रंग ठरवून दर दहा फुटांवर पट्टा मारावा. सामायिक विहिरीवरही हेच करावे. एका वहीत नाव, लांबी, जाडी, खरेदीची तारीख आणि पावतीचा नंबर लिहून ठेवावा. शाळेतली मोठी मुले हे काम हौसेने करतील. जळून गेलेल्या केबलीची साक्ष शेवटी पावतीच देते.

चोराला आपल्या विजेचे वेळापत्रक पाठ असते. शेतीची लाइन बंद असली, की केबल निर्जीव. मग ती कापायला भीती कसली? म्हणून गस्तीची पाळी लाइन बंद असलेल्या रात्रींना लावावी. सौर पंपालाही रात्री वीज नसते, तेव्हा तिथेही तीच काळजी घ्यावी.

काही जण चिडून म्हणतात, "तारेत करंटच सोडून ठेवतो, बघू कोण येतो ते!" असे चुकूनही करू नये. त्या तारेला चोर लागेल की रात्री पाणी धरायला आलेला आपलाच मुलगा, हे वीज पाहत नाही. माणूस दगावला तर तार सोडणाराच आरोपी होतो.

इतके करूनही केबल गेलीच, तर "काय उपयोग?" म्हणून घरी बसू नका. पोलीस पाटलांना सांगा, वही आणि पावती घेऊन ठाण्यात फिर्याद द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम 303 आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी कलम 317 आहे. म्हणजे जळकी तार डोळे मिटून विकत घेणारा भंगारवालाही सुटत नाही. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या आणि त्याच वहीत लावून ठेवा.