रत्नागिरी जिल्ह्यातील सायकल-पर्यटनाचे मार्ग : भूरचना आणि चढाचे गणित

प्रस्तावना

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये दक्षिणोत्तर पसरलेला रत्नागिरी जिल्हा अलीकडच्या काळात सायकलवरून दूरचा प्रवास करणाऱ्यांच्या आवडीचा प्रदेश झाला आहे. देशावरून येणारे सायकलस्वार बहुधा एखादा घाट उतरून समुद्रकाठ गाठतात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे, पुष्कळदा थेट गोव्यापर्यंत, जातात. घाट तेवढा अवघड आणि समुद्रकाठ सपाट, असे गृहीत या आखणीमागे असते. हे गृहीत वस्तुस्थितीला धरून नाही. रत्नागिरीत खरी कसोटी लागते ती किनारी मार्गावर. त्याचे कारण जिल्ह्याच्या भूरचनेत आहे.

आडव्या खाड्या, उभा रस्ता

सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या जिल्ह्यातील प्रमुख नद्या सह्याद्रीकडून पश्चिमेकडे वाहत जाऊन समुद्राला मिळतात. दोन नद्यांच्या मधली जमीन म्हणजे जांभ्याचे विस्तीर्ण पठार. स्थानिक भाषेत त्याला सडा किंवा कातळ म्हणतात. सड्यावर रस्ता बराच सपाट असतो. परंतु गावे, नारळी-पोफळीच्या बागा आणि पाणी हे सारे खाली, खाडीच्या किंवा पुळणीच्या काठी असते. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा रस्ता सतत गावात उतरतो आणि गाव संपताच पुन्हा सड्यावर चढतो. केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर, हेदवी, गणपतीपुळे, पावस, पूर्णगड अशी नावे नकाशावर एका रेषेत दिसतात. प्रत्यक्षात ही रेषा करवतीच्या दात्यांसारखी आहे.

कोकण रेल्वेलाही हीच अडचण आली. तिने ती उक्षी व भोके यांच्या दरम्यान साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा खोदून आणि पानवल येथे दरीवर ६४ मीटर उंचीचा पूल बांधून सोडवली. सायकलस्वाराला ना बोगदा उपलब्ध आहे, ना पूल. जुन्या काळच्या पायी चालणाऱ्या माणसाने यावर पाखाडी हा उपाय काढला. जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्यांची ही वाट पायांसाठी उत्तम. चाकासाठी तिचा काडीचाही उपयोग नाही.

चढाचे गणित

स्वार, सायकल आणि सामान यांचे एकत्रित वजन १०० किलो धरू. १०० मीटर उंची चढण्यासाठी सुमारे ९८ हजार ज्यूल इतके कार्य करावे लागते. हौशी सायकलस्वार तासन्‌तास टिकवू शकेल अशी शक्ती १०० वॅट मानली, तर या एका चढाला सोळा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. घर्षण व वारा यात धरलेले नाहीत. रस्त्याचा चढ सहा टक्के, म्हणजे शंभर मीटर अंतरात सहा मीटर असेल, तर हे अंतर सुमारे १,६७० मीटर भरते आणि वेग ताशी जेमतेम ६ किलोमीटर राहतो.

आता साधी काळी, एकाच गिअरची सायकल घेऊ. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. ताशी ६ किलोमीटर वेगाला पायडलचे मिनिटाला अवघे अठरा-एकोणीस फेरे होतात. इतक्या संथ गतीने पायडल दाबत राहणे पायांना झेपत नाही. स्वार उतरतो आणि सायकल हाताने ढकलू लागतो. पुणे, सांगली या सपाट मुलखात सायकल घरोघरी पोहोचली, पण कोकणातील वाड्यावाड्यांवर तिने तसे मूळ धरले नाही, याचे एक मोठे कारण या साध्या हिशेबात सापडते. कोकणी माणसाच्या तथाकथित आळसाशी त्याचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल. पुढचे व मागचे दाते समान करता येतील अशी गिअरची सायकल असेल, तर त्याच वेगाला मिनिटाला पंचेचाळीसहून अधिक फेरे होतात आणि चढ बसल्याजागी पार पडतो. तात्पर्य, या जिल्ह्यात सायकलचा हलकेपणा दुय्यम आणि सर्वांत खालचा गिअर महत्त्वाचा.

उतारावर ही मेहनत परत मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. ती मिळत नाही. उताराच्या शेवटी वळण, अरुंद गल्ली, गडग्याआडून येणारे गुरू असे काही ना काही असतेच आणि कमावलेली उंची ब्रेकमध्ये खर्ची पडते.

आंबा घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. किनाऱ्यावर दिवसभरात शंभर-शंभर मीटरचे सहा चढ आले, की तितकीच चढाई होते. पण तिची दखल कोणी घेत नाही. लांब पल्ल्याच्या ऑडॅक्स पद्धतीच्या सायकलफेऱ्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. ती अंतरावर ठरते, चढावर नाही. सोलापूरकडचे २०० आणि दापोली-गुहागरकडचे २०० किलोमीटर कागदावर सारखेच.

पूर्व-पश्चिम मार्ग

या तुलनेत नदीच्या खोऱ्यातून पूर्व-पश्चिम जाणारे मार्ग सौम्य आहेत. इतिहासकाळातील व्यापारही याच दिशेने चाले. गलबते भरतीच्या पाण्यावर जिथवर आत येत, तिथे चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही गावे वाढली आणि तेथून माल घाटावर जाई. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड, रत्नागिरीहून पाली, साखरप्यावरून आंबा घाटाने कोल्हापूर, राजापुराहून अणुस्कुरा घाट, हे रस्ते त्याच परंपरेतले. येथे मोठा चढ एकदाच येतो, त्याची लांबी आधी ठाऊक असते आणि तयारी करता येते. पावसाळ्यात मात्र हे मार्ग टाळावेत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटातील रस्ता खचला होता. मुंबई-गोवा महामार्ग अंतराने सोयीचा असला, तरी अवजड वाहनांमुळे सायकलसाठी त्याची शिफारस करता येत नाही.

जंगलजेटी, पूल आणि गावे

किनारी मार्गाला एक विसावा आहे, तो फेरीबोटीचा. स्थानिक लोक तिला जंगलजेटी म्हणतात. दाभोळ-धोपावे ही सेवा २००३ पासून चालू आहे. ती नसती तर दापोली, खेड, चिपळूणवरून शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडला असता. वेसवी-बागमांडला आणि तवसाळ-जयगड येथेही अशीच सोय आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलेल्या रेवस-रेड्डी सागरी मार्गाच्या प्रकल्पात खाड्यांवरील मोठे पूल अंतर्भूत आहेत. उंच पुलामुळे सायकलस्वाराचा एखादा उतार-चढ वाचेलही, परंतु त्याच पुलावरून वेगवान वाहनेही येतील. रस्त्याला डांबरी साइडपट्टी किती रुंद मिळते, यावर या मार्गाचे सायकलसाठीचे भवितव्य अवलंबून आहे, आणि ती आराखड्यातच धरावी लागते. मागाहून जांभा फोडून रुंदी वाढवणे खर्चाचे असते.

हा प्रश्न केवळ हौशी प्रवाशांचा नाही. मोटारीने येणारा पर्यटक गणपतीपुळ्यासारख्या प्रसिद्ध ठिकाणी मुक्काम करतो आणि मधली गावे ओलांडून जातो. चढांमुळे दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच जाणाऱ्या सायकलस्वाराला मधल्याच गावात जेवावे आणि राहावे लागते. निवास-न्याहारी योजनेतील घरांना आणि लहान खाणावळींना तो गिऱ्हाईक म्हणून हवाच आहे. कशेळीच्या सड्यावरील हत्तीची भव्य आकृती, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. ती ज्या सड्यांवर आहेत, तेथे किनाऱ्यावरून जायचे तर चढ चढूनच जावे लागते.

प्रवासाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सड्यावर सावली नसते आणि पाणीही मिळत नाही. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. त्यामुळे किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो साथ देतो, उलट दिशेच्या प्रवाशाला तोंडावर येतो. घाटाकडून समुद्राकडे येणाऱ्याने पहाटे निघून दुपारच्या आत खाडीकाठ गाठावा.