मानवी क्लोनिंग आणि शेजारी राष्ट्रे : एक धम्मविचार

५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरोनजीकच्या रोझलिन संस्थेत ‘डॉली’ नावाची मेंढी जन्मास आली. फेब्रुवारी १९९७ मध्ये ही वार्ता प्रसिद्ध होताच अनेक धर्मपीठांनी तीव्र निषेध नोंदविला. ईश्वराच्या कार्यात मनुष्याने केलेला हस्तक्षेप, असे त्या निषेधाचे सर्वसाधारण स्वरूप होते. हा आक्षेप बौद्धांना आपला म्हणता येत नाही. कारण तथागतांच्या धम्मात सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थान नाही. परंतु ईश्वराचा आक्षेप गळून पडला म्हणजे नीतीचा प्रश्नही सुटला, असे मानणे योग्य होणार नाही. इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान आहे ते धम्मात नीतीला आहे, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले आहे. तेव्हा बौद्धांची जबाबदारी येथे अधिकच वाढते.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. क्लोनिंगमुळे अनात्मवादाला बाधा येते काय? क्लोनिंगविषयीच्या आकर्षणामागे मनुष्याविषयीची कोणती दृष्टी आहे? आणि या तंत्रासाठी लागणारे स्त्रीबीज व गर्भाशय ज्या देशांतील स्त्रियांकडून मिळवले जाण्याचा संभव आहे, त्या शेजारी देशांनी परस्परांशी कसे वागावे?

क्लोनिंग म्हणजे काय?

प्राण्याच्या शरीरातील सामान्य पेशीचे केंद्रक घ्यावयाचे, अंडपेशीतील मूळ केंद्रक काढून त्या जागी ते बसवावयाचे आणि तयार होणारा भ्रूण मादीच्या गर्भाशयात वाढवावयाचा, ही या तंत्राची मुख्य रीत होय. डॉलीसाठी सहा वर्षांच्या मेंढीच्या स्तनपेशी वापरल्या होत्या. अशा २७७ अंडपेशी सिद्ध करण्यात आल्या. त्यांतून २९ भ्रूण १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत ठेवले गेले आणि जन्मली ती एकटी डॉली. जानेवारी २०१८ मध्ये चीनमधील शांघाय येथील शास्त्रज्ञांनी झोंग झोंग आणि हुआ हुआ या दोन वानरांच्या जन्माची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यासाठी ७९ भ्रूण २१ माद्यांच्या गर्भाशयांत ठेवले होते. सहा माद्यांना गर्भ राहिला आणि दोन पिल्ले जगली. ही दोन्ही पिल्ले गर्भावस्थेतील पेशींपासून निर्माण केलेली होती. प्रौढ वानराच्या पेशींपासून जन्मलेली दोन पिल्ले मात्र अल्पावधीतच मरण पावली.

मनुष्याच्या बाबतीत दोन प्रकार वेगळे करणे अवश्य आहे. मूल जन्मास घालण्यासाठी केलेले ते प्रजननात्मक क्लोनिंग. आणि भ्रूण काही दिवसच वाढवून त्यातून उपचारासाठी मूलपेशी मिळवणे हे उपचारात्मक क्लोनिंग. अमेरिकेतील ओरेगन येथील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये या रीतीने मानवी मूलपेशी मिळविल्या. क्लोन केलेले मानवी मूल जन्मल्याचे मात्र अद्याप कोठेही सिद्ध झालेले नाही.

अनात्मवादाला बाधा येते काय?

क्लोनमुळे एकाच व्यक्तीचे दोन आत्मे होतील किंवा आत्म्याविना देह निर्माण होईल, ही भीती आत्मवाद्यांची आहे. मज्झिमनिकायातील महातण्हासंखयसुत्तात केवट्टपुत्त साति या भिक्खूची कथा येते. तेच एक विञ्ञाण न बदलता एका भवातून दुसऱ्या भवात संचार करते, अशी त्याची समजूत होती. भगवंतांनी ती मिथ्या दृष्टी म्हणून नाकारली आणि विञ्ञाण हे प्रत्ययांवर अवलंबून उत्पन्न होते, असे त्याला समजावून सांगितले. याच सुत्तात गर्भधारणेच्या तीन प्रत्ययांचा उल्लेख आहे : मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाळ आणि गंधब्बाची उपस्थिती. गंधब्ब या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. परंतु साति भिक्खूला ज्या सुत्तात उत्तर दिले, त्याच सुत्तात गंधब्बाच्या रूपाने आत्मा परत आणला असेल, असे मानता येत नाही. बाबासाहेबांनीही आत्म्याचा पुनर्जन्म नाकारून पुनर्जन्माचा अर्थ शरीरघटक महाभूतांच्या संदर्भात लावला आहे, हे वाचकांस ज्ञात आहेच.

तेव्हा क्लोनचा जन्म हाही प्रत्ययांनी घडलेला जन्म ठरतो. एक प्रत्यय बदलला. प्रतीत्यसमुत्पादाचा नियम बदलला नाही. एकाच गर्भापासून झालेली समान जुळी भावंडे ही निसर्गातील क्लोनच आहेत, आणि त्यांना आपण दोन व्यक्ती मानतो. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे जन्मलेली पहिली क्लोन मांजर तर रंगानेसुद्धा आपल्या मूळ मांजरीसारखी झाली नाही. केंद्रक तेच होते. परंतु कोणत्या पेशीत कोणते जनुक कार्य करील, हे गर्भातील वाढीत ठरत गेले. मिलिंदपञ्हात भदंत नागसेन दिव्याच्या ज्योतीचा दृष्टान्त देतात. पहिल्या प्रहरातील ज्योत आणि अखेरच्या प्रहरातील ज्योत तीच असेही म्हणता येत नाही आणि सर्वस्वी वेगळी असेही म्हणता येत नाही. क्लोनविषयी याहून अचूक दृष्टान्त सापडणे कठीण आहे.

बीज आणि जात

मग लोकांना क्लोनिंगचे आकर्षण का वाटते? गेलेले मूल परत मिळावे, आपली प्रतिमा आपल्यामागे राहावी, थोर पुरुष पुन्हा जन्मास यावा, अशा या इच्छा आहेत. धम्माच्या भाषेत ही भवतण्हा होय. तिच्या मुळाशी एक दृष्टी आहे : मनुष्य म्हणजे त्याचे बीज, बीज तेच असेल तर मनुष्य तोच. ही दृष्टी आपल्याला नवीन नाही. ज्या समाजव्यवस्थेने मनुष्याची योग्यता त्याच्या जन्मावरून ठरवली, तिचा पाया हाच होता.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद आहे. सात पिढ्यांच्या शुद्ध बीजाने ब्राह्मण होतो, हा भारद्वाजाचा पक्ष. शील आणि आचरण यांनी होतो, हा वासेट्ठाचा. भगवंतांनी गवत व वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी यांची उदाहरणे घेऊन दाखविले की, या सर्वांत जन्माने भेद करणारी चिन्हे आहेत. मनुष्यांत मात्र तशी चिन्हे नाहीत. मनुष्यामनुष्यांतील भेद व्यवहाराने व नावाने पडलेले आहेत. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये वंशशुद्धीच्या आधारे जातीचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद खोडून काढला, तोही याच परंपरेत बसतो.

म्हणून क्लोनिंगमधील खरा धोका आत्म्याविषयी नसून दृष्टीविषयी आहे. ज्या मुलाला कोणाची तरी प्रत म्हणून जन्मास घातले, त्याने काय व्हावे हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले असते. जातीने हेच केले : मूल पाळण्यात असतानाच त्याच्या हाती झाडू द्यावयाचा की पोथी, हे ठरवून टाकले. क्लोन केलेले मूल जन्मलेच, तर ते इतर कोणत्याही मुलाइतकेच पूर्ण मनुष्य असेल आणि त्याला तितकीच मैत्री व समता मिळाली पाहिजे. दोष त्या मुलाकडे जात नाही. ज्यांनी त्याला साधन म्हणून निर्माण केले त्यांच्या चेतनेकडे तो जातो. कर्म म्हणजे चेतना, ही अंगुत्तरनिकायातील व्याख्या येथे निर्णायक ठरते.

स्त्रीचा देह आणि देशांच्या सीमा

क्लोनिंगच्या चर्चेत प्रयोगशाळेविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु प्रत्येक प्रयोगासाठी अंडपेशी लागते आणि ती स्त्रीच्या देहातून येते, याचा विसर पडतो. दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक यांचे प्रकरण याची साक्ष देते. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील या शास्त्रज्ञाने २००४ व २००५ मध्ये क्लोन भ्रूणांपासून मूलपेशी मिळविल्याचा दावा केला. ते स्वतःस बौद्ध म्हणवीत, आणि कोरियातील अनेक बौद्धांचा त्यांना पाठिंबा होता. त्यांच्या प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधक स्त्रियांनीच स्त्रीबीजे दिली होती, हे त्यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये मान्य केले. शंभराहून अधिक स्त्रियांकडून दोन हजारांवर स्त्रीबीजे घेतली गेल्याचे चौकशीत आढळले. मूलपेशींचे दावे खोटे ठरले, जानेवारी २००६ मध्ये दोन्ही शोधनिबंध मागे घेण्यात आले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये निधीचा अपहार व जैवनीती कायद्याचा भंग यांबद्दल त्यांना दोषी ठरविण्यात आले. मुसावादाचा भंग येथे उघडच आहे. परंतु वरिष्ठापुढे ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसताना घेतलेले दान हे दान ठरते काय, हा अदिन्नादानाचा प्रश्न त्याहून खोल आहे.

स्त्रीबीजाप्रमाणेच गर्भाशयाचा प्रश्न येतो. आणि तो शेजारी राष्ट्रांच्या संबंधांत कसा शिरतो, हे सरोगसीच्या व्यापारावरून दिसले आहे. भारताने २०१२ मध्ये परदेशी दाम्पत्यांसाठी व्हिसाचे नियम कडक केले, तेव्हा त्या व्यापाराचा काही भाग नेपाळ व थायलंडकडे वळला. नेपाळमध्ये नेपाळी स्त्रीला सरोगेट होण्याची मुभा नव्हती. म्हणून भारतीय स्त्रिया तेथे नेल्या जात. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर इस्राएलने आपल्या नागरिकांची नवजात अर्भके काठमांडूहून विमानाने नेली, तेव्हा त्यांना जन्म देणाऱ्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न जगापुढे आला. त्याच वर्षी नेपाळने हा व्यवहार बंद केला. थायलंडनेही २०१५ मध्ये परदेशीयांसाठी सरोगसी बंद केली. तेव्हा दलाल कंबोडियात गेले. कंबोडियाने २०१६ मध्ये बंदी घातली. मग ते लाओसकडे वळले. २०१८ मध्ये कंबोडियात तिसांहून अधिक गर्भवती स्त्रियांना अटक झाली आणि मूल स्वतः वाढविण्याच्या अटीवर त्यांची सुटका करण्यात आली. मागणी करणारे आणि दलाल दूर राहिले, शिक्षा गरीब स्त्रीच्या वाट्याला आली. यांतील थायलंड, कंबोडिया आणि लाओस हे बौद्धबहुल देश आहेत, हे आपण विसरता कामा नये. अंगुत्तरनिकायात उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्यासमवेत सत्तवणिज्जा, म्हणजे प्राणिमात्रांचा व्यापार, येतो.

मानवी क्लोनिंग उद्या शक्य झाले, तर ते याच वाटेने जाईल. वानरांच्या प्रयोगातील २१ माद्यांच्या जागी स्त्रिया असतील, आणि ज्या देशात कायदा सैल असेल तेथे त्या शोधल्या जातील.

रोहिणीचा बोध

८ मार्च २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी क्लोनिंगविषयी जाहीरनामा संमत केला. ८४ राष्ट्रे बाजूने, ३४ विरुद्ध आणि ३७ तटस्थ, अशी मते पडली. भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया व थायलंड यांनी विरोधात मत दिले. प्रजननात्मक क्लोनिंगला या देशांचा पाठिंबा नव्हता. जाहीरनाम्याच्या शब्दांत उपचारात्मक संशोधनही येत होते, हे विरोधाचे कारण होते. जीवविज्ञानाच्या वापरात स्त्रियांचे शोषण होऊ नये, असेही एक कलम त्यात आहे. परंतु हा जाहीरनामा बंधनकारक नाही. जपानने २००० मध्ये आणि दक्षिण कोरियाने २००४ मध्ये प्रजननात्मक क्लोनिंगविरुद्ध कायदे केले. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ते निषिद्ध ठरविले आहे; तत्त्वे म्हणजे कायदा मात्र नव्हे.

प्रत्येक देशाने आपापल्या सीमेत केलेली बंदी दुःख थांबवीत नाही, ते शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवते. शाक्य आणि कोलिय यांच्यामधून वाहणाऱ्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून दोन्ही गणांत कलह झाला, हे आपण जाणतो. बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण याच कलहात दाखविले आहे. युद्धाने प्रश्न सुटणार नाही, दोन्ही पक्षांची माणसे निवडून सत्य तपासावे आणि समेट करावा, असा मार्ग सिद्धार्थाने संघापुढे मांडला होता. रोहिणी आजही नेपाळमधून भारतात येते. सीमेपलीकडून येणाऱ्या प्रवाहाविषयी एकट्याने निर्णय घेता येत नाही, हा तिचा बोध तंत्रज्ञानालाही लागू पडतो. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांनी, आणि तसेच आग्नेय व पूर्व आशियातील देशांनी, स्त्रीबीज व गर्भाशय यांच्या व्यवहाराविषयी एकमेकांशी जुळणारे नियम करावेत. त्या नियमांत शिक्षेचा रोख दलालाकडे असावा, स्त्रीकडे नव्हे.

राहुलाला दिलेली कसोटी

उपचारात्मक क्लोनिंगविषयी निर्णय इतका सरळ नाही. विनयपिटकात मातेच्या उदरात प्रथम चित्त उत्पन्न झाल्यापासून मनुष्यजीवन गणले आहे. प्रयोगशाळेतील काही दिवसांच्या भ्रूणाला ही व्याख्या लावावी की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत होणे कठीण आहे. पण रोग्याचे दुःखही खरे आहे. अशा वेळी अंबलट्ठिक-राहुलोवादसुत्तातील कसोटी उपयोगी पडते. भगवंतांनी राहुलाला आरशाची उपमा देऊन सांगितले की, कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय? होत असेल तर ते सोडावे.

या कसोटीवर प्रजननात्मक क्लोनिंग पहिल्याच पायरीवर उतरत नाही. कारण अनेक गर्भांचा नाश, अनेक स्त्रियांची पीडा आणि आधीच बांधलेले बालपण ही त्याची किंमत करण्यापूर्वीच दिसते. उपचारासाठी मात्र पीडा टाळणारा मार्ग शोधता येतो, आणि तो शोधला गेला आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मनुष्याच्या सामान्य पेशींपासून, स्त्रीबीज न वापरता, मूलपेशींसारख्या पेशी तयार केल्या. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या कार्यासाठी कोरियात शंभरावर स्त्रियांच्या देहाचा उपयोग झाला, त्यासाठी त्वचेच्या पेशी पुरेशा ठरू शकतात, हे या संशोधनाने दाखवून दिले.

बौद्धांनी विज्ञानाला घाबरू नये. प्रज्ञेला धम्मात स्थान आहे, परंतु करुणेविना प्रज्ञेला नाही. आपल्या विहारांतून जेव्हा या विषयाची चर्चा होईल, तेव्हा प्रयोगशाळेत काय शक्य झाले हे विचारण्यापूर्वी, ते कोणाच्या देहातून झाले, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.