दुधातल्या डब्याचं नाव कोणी ठेवलं?

मागच्या भागानंतर उमरेडहून एका ताईचा व्हॉइस मेसेज आला. म्हणे, "दादा, महिन्याच्या किराण्यात डाळ थोडी कमी घेते, पण पोराचा तो दुधात टाकायचा डब्बा सोडत नाही. बंद केला तर पोरगा कमजोर तर नाही ना होणार?"

डाळ कमी आणि डब्बा चालू! आज यावरच बोलू.

हा डब्बा म्हणजे ‘हेल्थ ड्रिंक’, हे आपल्याला कोणी सांगितलं? डॉक्टरनं? नाही, टीव्हीनं. उंची, ताकद, हुशारी, सगळं एका चमच्यात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढा. कारण काय, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही! इतकी वर्षं आपण ज्या नावावर भरवसा ठेवला, ते नाव कायद्यात नव्हतंच. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या कंपनीनंही आपल्या पेयांच्या गटाचं नाव बदललं. पावडर तीच, पाटी नवी.

आता साखरेचं बघा. २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाचा बोर्नव्हिटातल्या साखरेवरचा व्हिडिओ गाजला. कंपनीची नोटीस आली, त्यानं व्हिडिओ काढला. पण वर्षाअखेरीस कंपनीनं वरून घातलेली साखर १०० ग्रॅममागे ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आणली. कमी केली, चांगलंच आहे. तरी जवळपास तिसरा हिस्सा साखरच राहिली ना?

याची दुसरी बाजू आपल्या विदर्भातच आहे. जवस! आजी जवसाची चटणी वाटायची तेव्हा ते गावठी, गरिबाचं खाणं. पोरं डब्यात न्यायला लाजायची. आता तेच ‘फ्लॅक्स सीड्स’ म्हणून चकचकीत पाकिटात येतं आणि आपण ऑनलाइन मागवतो. दाणा बदलला का? नाही बाप्पा. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ तेव्हाही होतंच, फक्त कोणी जाहिरात केली नव्हती. (जवस खाल्लं की हार्ट अटॅक टळतो, असंही कोणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. तीही जाहिरातच.)

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. पोरगं नीट जेवत असेल, तर डब्बा बंद केल्यानं ते कमजोर होणार नाही. दुधाची ताकद दुधातच असते. वजन वाढत नसेल, सारखं थकत असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथे डब्बा कामाचा नाही. आणि दुकानात गेलात तर डब्याची पुढची बाजू सोडा, मागचे बारीक अक्षर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, असा नियम आहे. साखर कितव्या नंबरवर आहे ते बघा, त्याचा फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात तुमचेच डब्बे उघडू. आणि ताई, त्या पैशात डाळ किती येते, तेही मेसेजमध्ये सांगा.