एका कानात आत्ताचं, दुसऱ्या कानात पुढचं

समोर शंभर माणसं नाचताहेत. चालू गाणं संपायच्या आत दुसरं गाणं त्यात असं मिसळायला हवं, की एकाचंही पाऊल अडखळणार नाही. पण दुसरं गाणं नेमकं कुठून उचलायचं, हे आधी ऐकल्याशिवाय कसं कळणार? आणि ऐकायला वाजवलं, तर ते सगळ्यांनाच ऐकू जाणार!

आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. पण हा पेच सोडवते ती टेबलावरची एक चपटी पेटी, म्हणजे मिक्सर. हातात पैसे मोजके असतील आणि पहिला मिक्सर घ्यायचा असेल, तर आधी एका मुलाला भेटूया. त्याच्याकडे तर आपल्याहूनही कमी पैसे होते.

न्यूयॉर्कचा ब्रॉंक्स भाग, 1970 चं दशक. 11 ऑगस्ट 1973 ला सेज्विक अव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीतल्या पार्टीत डीजे कूल हर्कने रेकॉर्डी लावल्या. लोक गाण्यातल्या एका छोट्या तुकड्यावर, फक्त तालवाद्यं वाजतात त्या ‘ब्रेक’वर, सर्वात जोरात नाचतात, हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावत तो हा ब्रेक लांबवू लागला. हे पाहून जोसेफ सॅडलर नावाचा एक पोरगा झपाटला. ब्रेकचा जोड तालात, सांधा न दिसता बसला तर? हाच मुलगा पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणून जगभर गाजला.

तेव्हा क्लबांसाठी खास मिक्सर निघाले होते, पण ते त्याला परवडणारे नव्हते. त्याच्याकडे होता मायक्रोफोनसाठी बनवलेला एक साधा मिक्सर. पण फ्लॅश व्होकेशनल शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. जिन्यातल्या दिव्याला असतं ना, तसं टू-वे बटण त्याने मिक्सरवर चक्क डिंकाने चिकटवलं. बटण एकीकडे केलं की हेडफोनमध्ये डावी रेकॉर्ड, दुसरीकडे केलं की उजवी. लोकांना मात्र यातलं काहीच ऐकू येत नाही! या जुगाडाला त्याने नाव दिलं ‘पीक-अ-बू’, म्हणजे आपल्या लहानपणीचं ‘कुकूक्’.

आजच्या बहुतेक डीजे मिक्सरवर ‘क्यू’ लिहिलेलं बटण असतं, ते याच कामाचं. आणि खरी गंमत पुढेच आहे: एका कानात हेडफोनमधलं पुढचं गाणं, दुसऱ्या कानात हॉलमधलं चालू गाणं, आणि मेंदू दोन्ही ताल शेजारी ठेवून मोजतो. मंगल कार्यालयाच्या गलक्यातही कोणी आपलं नाव घेतलं की कान टवकारतात ना? तीच ही शक्ती. म्हणून पहिली कसोटी हीच: क्यू प्रत्येक चॅनेलला, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाण्याच्या वाटेला हवा आणि हेडफोनला आवाज भरपूर हवा. कर्णे दणदणत असताना कुजबुजणारा हेडफोन काय कामाचा?

आता मागची बाजू बघा. तिथे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ अशी दोन दारं दिसतील. दोन कशाला? रेकॉर्डवरची सुई थरथरून जी वीज बनवते, ती असते सुमारे 5 मिलिव्होल्ट. पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा 300 वा भाग! या थेंबातून आख्खा हॉल हलवायचा आहे. त्यातही खर्जाच्या लहरी इतक्या रुंद, की जशाच्या तशा कोरल्या तर खाच भलतीच जागा खाईल आणि सुई उडेल. मग रेकॉर्ड कोरतानाच खर्ज मुद्दाम दाबतात आणि बारीक, तीव्र स्वर फुगवतात. फोनोच्या दारामागचं सर्किट नेमकं उलटं करतं: ऐकू येणाऱ्या सर्वात खोल स्वराला सर्वात तीव्र स्वराच्या जवळजवळ 90 पट वाढवतं. कोरणारा आणि वाजवणारा यांच्यातला हा करार 1954 मध्ये ठरला. त्यानुसार कोरलेल्या रेकॉर्डी आजचा मिक्सरही बिनचूक उलगडतो!

यातून दुसरी कसोटी निघते. रेकॉर्डी वाजवणार असाल तर फोनोत काटकसर नको. लॅपटॉप किंवा प्लेअरवरूनच, म्हणजे ‘लाइन’च्या दारातून वाजवणार असाल, तर फोनोसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता मधली ती आडवी सरकपट्टी, क्रॉसफेडर. डावीकडे एक गाणं, उजवीकडे दुसरं. मध्यावर दोन्ही निम्मी निम्मी असणार, नाही का? इथेच फसगत होते. व्होल्टेज निम्मं केलं की शक्ती उरते फक्त पाव. दोन पाव मिळून अर्धा, म्हणजे ऐन सांध्यावर आवाज खड्ड्यात! म्हणून मऊ मिसळणीसाठी मध्यावर प्रत्येक गाणं सुमारे 71 टक्क्यांवर ठेवतात. 0.71 चा वर्ग करून पाहा: अर्धा. दोन अर्धे मिळून पूर्ण एक. नाचणाऱ्याला कळतही नाही, पण त्याच्या पायाखाली शाळेतलं गणित चालू असतं.

हीच पट्टी सर्वात आधी झिजते. साध्या फेडरमध्ये आवाज थेट तिच्यातूनच जातो. आत धूळ बसली की खरखर. काही फेडर मात्र नुसता हुकूम देतात आणि आवाज दुसऱ्याच वाटेने जातो. फाटकावरचा माणूस हिरवा झेंडा दाखवतो, गाडी काही त्याच्या हातातून जात नाही, तसंच. हा परवडला तर उत्तम. नाहीतर निदान फेडर स्क्रू काढून बदलता येतो का आणि त्याचा सुटा भाग मिळतो का, एवढं विचारा.

शिवाय प्रत्येक चॅनेलला खर्ज, मध्य आणि तीव्र यांची वेगळी बटणं हवीत. दोन गाण्यांचे ढोल एकमेकांवर आदळले की नुसता चिखल होतो. एकाचा खर्ज उतरवा, दुसऱ्याचा चढवा, आणि गाणी एकमेकांना वाट देतात.

मग सोडायचं काय? दोन प्लेअर असतील तर चार चॅनेल सोडा. रंगीत दिवे सोडा. प्रतिध्वनीसारखे इफेक्टही सोडा, लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये ते असतात. उरलेल्या पैशांत जुना, पण दणकट दोन चॅनेलचा मिक्सर शोधा.

तो विकत घेण्याआधी एक परीक्षा करा. गाणं न लावता आवाज बेताने चढवा. प्रत्येक पट्टी सावकाश सरकवा, प्रत्येक बटण फिरवा. खरखर? गुणगुण? सूं सूं? यातलं काहीच ऐकू आलं नाही, तर मिक्सर चांगला आहे. मग गाणं लावा, क्यू दाबा. दुकानात कोणालाच ऐकू न जाणारं पुढचं गाणं तुमच्या एका कानात सुरू होईल. पन्नासेक वर्षांपूर्वी एका मुलाने डिंकाने चिकटवलेलं बटण अजून काम करतं आहे.