रॉकेल, रॉकफेलर आणि आयडा

एक कंपनी इतकी मोठी कशी होते, की अख्ख्या देशाचा दिवा तिच्या तेलावर लागतो? हुशारीने की लबाडीने? दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली ही गोष्ट. तिचा हिशेब मांडला तो त्या धंद्याची झळ सोसलेल्या घरातल्या मुलीने.

गेल्या महिन्यात आमच्या कट्ट्यावर जोरदार वाद रंगला. निमित्त होतं एका रीलचं. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, मागे ढँणढँण म्युझिक आणि जॉन डी. रॉकफेलर या अमेरिकन उद्योगपतीची 'यशाची सूत्रं'. मित्र म्हणाला, "बघ, सोळाव्या वर्षी साधा क्लार्क आणि पुढे जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस. याला म्हणतात हसल!" मैत्रीण लगेच उसळली, "हसल कसलं? बाकीच्यांना संपवून मोठा झाला तो. लुटारू होता!" दोन कटिंग संपले, पण वाद काही संपेना.

मी जर्नालिझमची, त्यात नवीन नवीन इंटर्न. म्हटलं, चला, खणून तरी बघू. खणता खणता रॉकफेलर तर सापडलाच, पण त्याच्याहून भारी एक बाई सापडली. तिच्याकडे येऊच, आधी तेलाकडे जाऊ.

दगडाचं तेल

माझ्या आजीच्या तोंडी अजून 'केरोसीन' येत नाही, 'रॉकेल'च येतं. आपला हा अस्सल मराठी वाटणारा शब्द मुळात 'रॉक ऑइल', म्हणजे दगडाचं तेल. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत खनिज तेलाला असंच म्हणत. तेव्हा रस्त्यावर मोटारगाड्या नव्हत्या, त्यामुळे पेट्रोलची कोणाला पडली नव्हती. तेलाचा धंदा म्हणजे उजेडाचा धंदा. कंदिलात घालायचं रॉकेल हाच त्यातला खरा माल.

२७ ऑगस्ट १८५९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, टायटसव्हिल गावाजवळ, एडविन ड्रेक नावाच्या माणसाच्या विहिरीला जेमतेम ७० फुटांवर तेल लागलं. झालं! जो तो उठला आणि भोक पाडायला लागला. तेल इतकं निघालं की भाव कोसळले. १८६१ च्या सुरुवातीला पिंपाला १० डॉलर मिळत होते, वर्षअखेरीला १० सेंट. आज शेठ, उद्या कर्जबाजारी, असा सगळा मामला.

वही लिहिणारा मुलगा

रॉकफेलरचा जन्म १८३९ चा. वडील गावोगाव फिरून औषधं विकणारे, महिनोन् महिने घरातून गायब. हा मात्र शिस्तीचा. हिशेबनिशीचा छोटा कोर्स करून सोळाव्या वर्षी क्लीव्हलँड शहरात नोकरीसाठी दारोदार फिरला. एकेका फर्ममध्ये दोन-दोनदा, तीन-तीनदा जाऊन विचारलं. सुमारे सहा आठवड्यांनी, २६ सप्टेंबर १८५५ ला, एकाने ठेवून घेतलं. ही तारीख तो आयुष्यभर वाढदिवसासारखी साजरी करायचा. स्वतःच्या खर्चाची त्याने एक छोटी वही ठेवली होती. चर्चला दिलेला सेंटसुद्धा त्यात लिहिलेला. (प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हे वाचताना मला त्याच्याबद्दल जरा आपुलकीच वाटली.)

१८६३ मध्ये तो तेलात उतरला, पण विहिरीच्या नाही, रिफायनरीच्या धंद्यात. यातच त्याची अक्कल दिसते. विहीर म्हणजे जुगार. पण तेल कोणाच्याही विहिरीतून निघो, रॉकेल व्हायला ते रिफायनरीतूनच जाणार. १८७० मध्ये दहा लाख डॉलरच्या भांडवलावर 'स्टँडर्ड ऑइल' उभी राहिली.

आणि ही कंपनी चांगली होती, हे मान्य करावंच लागतं. बाकीचे लोक पिंपं विकत घ्यायचे, स्टँडर्डने ती स्वतः बनवायला घेतली. तेल शुद्ध करताना निघणारं गॅसोलीन निरुपयोगी म्हणून बरेच जण नदीत सोडून द्यायचे, स्टँडर्डने ते भट्टीत जाळून इंधन वाचवलं. एक किस्सा तर भन्नाट आहे. न्यूयॉर्कच्या कारखान्यात परदेशी पाठवायचे रॉकेलचे डबे सील होत होते. रॉकफेलरने विचारलं, एका डब्याला सोल्डरचे किती थेंब लागतात? उत्तर आलं, चाळीस. "अडतीसवर करून बघा." अडतीसला काही डबे गळले. एकोणचाळीसला एकही गळला नाही. मग एकोणचाळीस हा नियमच झाला. एका थेंबाची ती काय बचत? पहिल्याच वर्षी अडीच हजार डॉलर.

१८७० मध्ये गॅलनला सुमारे २६ सेंट असलेला रॉकेलचा भाव १८८५ च्या आसपास सुमारे ८ सेंटवर आला होता. साध्या घरातली पोरंसुद्धा दिवेलागणीनंतर वाचू शकत होती. माझ्या मित्राचा मुद्दा इथपर्यंत शंभर टक्के बरोबर.

गुपचूप करार

आता दुसरी बाजू. तेल न्यायचं रेल्वेने. स्टँडर्डचा माल एवढा मोठा आणि नियमित, की रेल्वे कंपन्या तिला भाड्यात सूट द्यायच्या. जास्त माल, कमी भाडं, इथपर्यंत समजू शकतं. पण १८७२ च्या सुरुवातीला 'साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी' या भोळ्याभाबड्या नावाखाली जे ठरलं, ते वेगळंच होतं.

आपल्या भाषेत सांगते. समजा, कॉलेजसमोर दोन वडापावच्या गाड्या आहेत आणि दोघांचे बटाटे एकाच टेम्पोने येतात. टेम्पोवाला पहिल्याला भाड्यात भरघोस सूट देतो. दुसऱ्याला पूर्ण भाडं. वर दुसऱ्याने दिलेल्या भाड्यातला हिस्साही गुपचूप पहिल्याच्या हातात ठेवतो! शिवाय दुसऱ्याने किती माल कुठे पाठवला, हेही पहिल्याला कळवतो. आता दुसऱ्याचा वडा कितीही चविष्ट असला, तरी तो किती दिवस टिकणार? आणि आपण का हरलो, हे त्याला कळणार तरी कसं?

हाच तो करार. एका बाजूला अमेरिकेतल्या तीन बड्या रेल्वे कंपन्या, दुसऱ्या बाजूला रॉकफेलर आणि मोजके रिफायनरीवाले. बातमी फुटली आणि तेलपट्ट्यात आगडोंब उसळला. सभा, मोर्चे, तेलबंदी. शेवटी त्या कंपनीची सनद रद्द झाली. एक पिंपही त्या कराराने हललं नाही. पण त्याची धास्ती पुरेशी होती. त्याच दोन-तीन महिन्यांत क्लीव्हलँडमधल्या २६ पैकी २२ प्रतिस्पर्धी रिफायनऱ्या स्टँडर्डच्या खिशात गेल्या.

गंमत म्हणजे रॉकफेलर त्या मालकांना म्हणायचा, रोख पैसे घेऊ नका, शेअर घ्या. ज्यांनी ऐकलं, ते पुढे गब्बर झाले. ज्यांचा विश्वास नव्हता किंवा ज्यांना पैशांची निकड होती, त्यांनी रोख घेतले आणि पस्तावले. शिवाय अशा सवलतींवर बंदी घालणारा देशपातळीवरचा कायदा तेव्हा नव्हताच, तो १८८७ मध्ये आला. म्हणून 'लुटारू' म्हणून मोकळं होणंही सोपं नाही.

१८८० च्या सुमारास अमेरिकेतलं जवळपास ९० टक्के तेलशुद्धीकरण स्टँडर्डच्या हातात होतं. १८८२ मध्ये ओहायोपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या डझनावारी कंपन्यांचे शेअर नऊ विश्वस्तांच्या हवाली करून 'ट्रस्ट' तयार झाला. कागदावर कंपन्या वेगळ्या, प्रत्यक्षात मालक एकच. तेव्हापासून अमेरिकेत 'ट्रस्ट' म्हणजे मक्तेदारी असा अर्थ रूढ झाला. मक्तेदारीविरोधी कायद्याला तिथे अजूनही 'अँटिट्रस्ट' म्हणतात, ते त्यामुळेच.

बाबा गायचे बंद झाले

त्या १८७२ मध्ये टायटसव्हिलला चौदा वर्षांची एक मुलगी राहत होती. आयडा टारबेल. तिचे वडील फ्रँकलिन आधी तेलासाठी लाकडी टाक्या बनवायचे, नंतर स्वतः तेलाच्या धंद्यात उतरले. सभांना जाऊन आलेले बाबा आता घरी गात नाहीत, गमतीजमती सांगत नाहीत, हे त्या मुलीच्या लक्षात आलं. पुढे कर्जापायी घर गहाण पडलं.

आयडा कॉलेजात गेली, तेव्हा तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढे ती न्यूयॉर्कच्या 'मॅक्लुअर्स' मासिकात पत्रकार झाली आणि तिने ठरवलं, स्टँडर्ड ऑइलचा इतिहास लिहायचा. वडिलांनीच विरोध केला. ते लोक मासिक बुडवतील, अशी त्यांना भीती होती. तरी नोव्हेंबर १९०२ पासून १९०४ पर्यंत १९ भागांची मालिका आली. पुढे तिचं पुस्तकही झालं.

तिची पद्धत काय होती? कागद. कोर्टातल्या साक्षी, सरकारी चौकशांचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रं. क्लीव्हलँडमध्ये एक मदतनीस फक्त कागद शोधायला. शिवाय स्टँडर्डचाच एक बडा अधिकारी हेन्री रॉजर्स तिला कंपनीच्या मुख्यालयात भेटत राहिला. आपली बाजू नीट यावी म्हणून. तीही प्रत्येक मुद्दा त्याच्यासमोर ठेवायची.

मग एक दिवस तिच्या हाती वेगळेच कागद आले. स्टँडर्डच्या एका ऑफिसात दर महिन्याला ठरावीक कागद जाळायचं काम एका पोरगेल्या ऑफिस बॉयकडे होतं. एकदा त्यात त्याला ओळखीचं नाव दिसलं. रविवारी त्याला चर्चमध्ये शिकवणाऱ्या सरांचं. ते सर एक छोटे रिफायनरीवाले होते. त्यांचा माल रेल्वेने कधी, कुठे निघाला, याची माहिती स्टँडर्डच्या ऑफिसात येत होती! पोराने कागद सरांना दिले आणि तिथून ते आयडापर्यंत पोचले. म्हणजे १८७२ चा करार रद्द झाला, पण नजर ठेवण्याची ती सवय राहिलीच होती. आयडाने हे छापलं आणि रॉजर्सचं दार तिच्यासाठी बंद झालं.

पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? याच पुस्तकात तिने एक अख्खं प्रकरण स्टँडर्डच्या 'रास्त मोठेपणा'वर लिहिलंय. काटकसर, शिस्त, कामातली सफाई, सगळ्याची मोकळेपणाने दाद दिली आहे. ज्या कंपनीपायी बाबा गायचे थांबले, तिच्याबद्दल! तिचं म्हणणं साधं होतं. मोठं होण्याला तिचा आक्षेप नव्हता, बरोबरीने खेळ न खेळण्याला होता.

ती काही देवता नव्हती. तिचा भाऊ स्टँडर्डच्या प्रतिस्पर्धी कंपनीत होता, म्हणून टीका झाली. १९०५ मध्ये तिने रॉकफेलरचं व्यक्तिचित्र लिहिलं, त्यात ती त्याच्या दिसण्यावरही घसरली. ते वाचून मला वाटलं, इथे तिने कागद बाजूला ठेवले.

तुकडे आणि माहुल

१५ मे १९११ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्टँडर्डचे तुकडे करण्याचा निकाल कायम केला. ३४ कंपन्या झाल्या. ट्विस्ट असा की, त्यांच्या शेअर्सचे भाव वाढले आणि रॉकफेलर आणखी श्रीमंत झाला! त्याच्या पैशातून शिकागो विद्यापीठ आधीच उभं राहिलं होतं, वैद्यकीय संशोधन संस्थाही झाली. ते खरंच. पण त्याने वडापावची दुसरी गाडी परत येत नाही, हेही खरंच.

आणि हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर चेंबूरजवळ माहुलला चक्कर मारा. ३४ पैकी दोन मोठ्या तुकड्यांच्या भागीदारीतून झालेल्या 'स्टॅनव्हॅक'ने १९५४ मध्ये तिथे रिफायनरी सुरू केली. पुढे ती 'एस्सो' झाली आणि १९७४ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्यावर 'हिंदुस्तान पेट्रोलियम'.

परवा कट्ट्यावर मी हे सगळं सांगितलं. मित्र म्हणाला, "म्हणजे माझंच बरोबर." मैत्रीण म्हणाली, "नाही, माझं." मला वाटतं, दोघांचं अर्धं-अर्धं. एकोणचाळीस थेंबही खरे आणि तो गुपचूप करारही खरा. एकाने दुसरा पुसला जात नाही.

आपल्यातले कितीतरी जण उद्या स्टार्टअप काढतील, कोणी मोठ्या कंपनीत लागतील, कोणी माझ्यासारखे त्यांच्यावर बातम्या लिहितील. आणि मोबाइलवर घसघशीत सूट दिसली की आपण सगळेच क्लिक करतो, मीही करते. तेव्हा एवढंच विचारायचं. हे स्वस्त झालं ते कोणाच्या अकलेने, की कोणाच्या तरी भाड्यातून? आणि तो करार सगळ्यांना वाचता येतो का?

आजीला फोन करून विचारलं, रॉकेलचा जुना डबा आहे का गं अजून? म्हणाली, "आहे की. तुळस लावलीय त्यात." पुढच्या सुट्टीत गावी गेले की त्या डब्याच्या सोल्डरवर बोट फिरवून बघणार आहे.