पाऊस जास्त, तर थंडी जास्त?

वेल्ह्याहून केळदकडे निघालं की वाटेत पासली लागतं. तोरणा मागे राहिलेला असतो. पुढे केळद, मढे घाट आणि त्याखाली एकदम कोकण. घाटमाथ्याचा पाऊस इथल्या भाताला मानवतो. भात कापून झोडणी उरकली, खाचरं रिकामी झाली की बोलणी आपोआप थंडीकडे वळतात. त्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "औंदा पाऊस लय झालाय, आता थंडी बी तशीच पडणार." हे काही एकट्या पासलीचं म्हणणं नाही. मावळात, देशावर, पुण्यातल्या चहाच्या टपरीवरही ते ऐकू येतं. आपल्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला कोल्हा, म्हैस, बेडूक असं वाहन असतं आणि त्यावरून पाऊस किती पडेल ते सांगतात. थंडीला असं वाहन नाही. त्यामुळे तिचा अंदाज लोकांनी पावसाच्याच खांद्यावर टाकला असावा.

या म्हणण्यात तथ्य किती, हे बघायचं तर आधी पासलीसारख्या गावात रात्री थंडी पडते कशी ते पाहावं लागेल.

इथे बर्फ पडत नाही, पडणारही नाही. इथली थंडी दोन ठिकाणांहून येते. पहिली उत्तरेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात एकामागून एक हिमालयावर येऊन आदळतात. काश्मीर, हिमाचलात बर्फ पडतो. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून कोरडा, गार वारा राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरतो. धुळे, निफाड, नाशिक आधी गारठतात आणि मग तो पुणे जिल्ह्यात पोचतो. दुसरी थंडी जागेवरच तयार होते. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडची रात्र 13 तासांची असते. दिवसभर तापलेली जमीन तेवढा वेळ आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडत राहते. आकाशात ढग किंवा हवेत बाष्प असेल तर त्यातली बरीच उष्णता परत खाली येते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल, तर ती अडवायला कोणी नसतं.

डोंगराळ मुलखात यात आणखी एक भर पडते. उतारावरची जमीन गार झाली की तिला लागून असलेली हवा गार, म्हणजेच जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत खोऱ्याच्या तळाशी साठते. म्हणून शांत रात्री तोरण्याच्या अर्ध्या चढावर जेवढी थंडी वाजते, त्याहून जास्त खालच्या खाचरात वाजते. 1403 मीटर उंचीचा गड म्हणजे थंडी जास्त, हे गणित दुपारी बरोबर असतं. पहाटे पाच वाजता ते उलटतं. थंडीत पहाटे गडावरून खाली पाहिल्यावर खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं दिसतं. ही तळाशी साठलेली गार हवाच आपण वरून बघत असतो.

आता या सगळ्यात पावसाळ्यातल्या पावसाचं काम काय? नुसतं पदार्थविज्ञान विचारलं तर उत्तर गावकऱ्यांच्या विरुद्ध जातं. ओली जमीन हळू तापते आणि हळूच थंड होते. जमिनीत ओल आहे म्हणजे हवेतही बाष्प जास्त. रात्री तापमान उतरत उतरत दवबिंदूपर्यंत आलं की त्या बाष्पाचं दव बनू लागतं. दव पडताना सुप्त उष्णता मोकळी होते आणि तापमानाची घसरण तिथेच रेंगाळते. म्हणजे भरपूर पावसाच्या वर्षी दव-धुकं जास्त आणि पारा मात्र थोडा वरच, असं व्हायला हवं. उलट दुष्काळी साली हवा कोरडीठाक असते. दवबिंदू फार खाली असतो आणि पाऱ्याला घसरायला मोकळं रान मिळतं. ओलसर पहाट अंगाला जास्त झोंबते, हे खरं. पण तापमापीला अंग नसतं.

मग हे म्हणणं निकालात काढायचं का? इतक्यात नको. पाऊस आणि थंडी यांचा एकमेकांशी थेट संबंध नसला, तरी दोघांना हलवणारं तिसरंच कोणीतरी असू शकतं. आणि तसं ते आहे. त्याचा शोध लागला त्या कथेचा एक धागा पुण्याच्या शिवाजीनगरमध्ये आहे.

शिवाजीनगरला हवामान खात्याच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला जुने पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. 1928 मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलवलं, तेव्हाचं हे नाव. मुख्यालय 1944 मध्ये दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं. खातं स्थापन झालं 1875 मध्ये आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. लगेचच 1876-78 चा भयंकर दुष्काळ पडला आणि पावसाचा अंदाज आधी सांगा, असा सरकारचा तगादा सुरू झाला. ब्लॅनफर्ड यांनी धागा पकडला तो हिमालयातल्या बर्फाचा: हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला, तर पुढचा मोसमी पाऊस कमी. त्या आधारावर 4 जून 1886 रोजी पावसाचा पहिला नियमित दीर्घ पल्ल्याचा अंदाज निघाला. पासलीकर पावसावरून थंडी सांगतात, ब्लॅनफर्ड थंडीवरून पाऊस सांगत होते. दोघांची रीत एकच, एका ऋतूकडे बघून दुसरा ओळखायची.

ही रीत कळसाला नेली गिल्बर्ट वॉकर यांनी. ते मूळचे गणिती. 1904 ते 1924 अशी वीस वर्षं ते खात्याचे महासंचालक होते. जगभरच्या ठाण्यांवरचा हवेचा दाब, पाऊस, तापमान यांचे आकडे मांडून कशाचा कशाशी मेळ बसतो, हे त्यांनी माणसं बसवून हाताने मोजून घेतलं. त्यातून दिसलं की पॅसिफिक महासागराच्या पूर्वेला दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो आणि काही काळाने हे उलटतं. या झोक्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन म्हटलं. हा झोका आणि पेरूच्या किनाऱ्यावरचा एल निनो ही एकाच घटनेची दोन अंगं आहेत, हे 1969 मध्ये याकोब बियर्कनेस यांनी दाखवून दिलं. भारताचा पाऊस ओळखायला निघालेला माणूस सगळ्या जगाच्या हवामानाच्या किल्लीपाशी पोचला होता. आणि भारताचा पाऊस मात्र त्याला शेवटपर्यंत नीट सांगता आला नाही!

तर हा तो तिसरा. मध्य आणि पूर्व पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा गार झालं की ला निना. ला निना असताना आपला पावसाळा बहुधा बरा जातो आणि ती हिवाळ्यातही टिकली, तर उत्तर भारतात थंडीचा कल वाढतो. म्हणजे चांगला पाऊस आणि कडक थंडी ही एकाच आईची दोन लेकरं असू शकतात. 'पाऊस लय, थंडी लय' या म्हणण्याला जो काही आधार आहे तो इथे, पासलीपासून हजारो किलोमीटर लांबच्या पाण्यात. पण 'बहुधा' आणि 'कल' या दोन शब्दांवर सगळा भार आहे.

तो किती पेलतो, ते काही वर्षं घेऊन बघू. 1961 हे साल वेल्हे (आता राजगड) तालुक्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. याच तालुक्यातलं पानशेत धरण 12 जुलैला फुटलं आणि पुणं वाहून गेलं. देशभरातही विसाव्या शतकातल्या सर्वाधिक पावसाच्या मोसमांपैकी तो एक. पुढच्याच हिवाळ्यात, 27 जानेवारी 1962 रोजी, मुंबईत सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला. तो तिथला आजवरचा नीचांक आहे. गावातल्या म्हणण्याला यापेक्षा सज्जड पुरावा कुठला हवा? अडचण एवढीच की त्या हिवाळ्यात ला निना नव्हती. 1961 च्या पावसाला जोर होता तो हिंदी महासागरातल्या द्विध्रुवाचा. म्हणजे आफ्रिकेकडचं पाणी गरम आणि सुमात्राकडचं गार.

हाच द्विध्रुव 2019 मध्ये पुन्हा जोरात होता. पाऊस सरासरीच्या 110 टक्के झाला. डिसेंबरमध्ये दिल्ली अशी गारठली की 1901 पासूनच्या नोंदींत तेवढा थंड डिसेंबर एकदाच सापडला. महाराष्ट्रात मात्र तोच डिसेंबर बराचसा ढगाळ आणि कोमट गेला. स्वेटर बाहेर निघाले ते जानेवारीत. आणि ला निनाचं काय? 2020 पासून ती सलग तीन हिवाळे मुक्कामाला होती. त्यातल्या तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी 2023 मध्ये, देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासून कुठल्याही फेब्रुवारीत नव्हतं इतकं चढलं.

2024 मध्ये तर गंमतच झाली. ला निना येणार या बातमीवर सप्टेंबर-ऑक्टोबरातच 'यंदा कडाक्याची थंडी' असे मथळे झळकले. आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना 'कल' हा शब्द मथळ्यात बसवता येत नाही, हा जुना आजार. प्रत्यक्षात तो ऑक्टोबर 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. ला निना रेंगाळत, अशक्त होऊन, हिवाळा निम्मा सरल्यावर आली. नोव्हेंबरच्या अखेरीला पुण्यात छान थंडी पडली होती, तर 30 नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं, बाष्प आपल्याकडे आलं आणि दोन-तीन दिवसांत पांघरुणं पायाशी गेली. डिसेंबरच्या सुरुवातीला हवामान खात्याने मात्र शांतपणे सांगितलं होतं की हिवाळा उबदार जाण्याची शक्यता जास्त आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी. तसंच झालं. फेब्रुवारी 2025 सरासरी तापमानात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ठरला.

खातं हे कसं सांगतं? नोव्हेंबर संपता संपता डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज निघतो. त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या सहभागाने उभं राहिलेलं मान्सून मिशनचं प्रारूप वापरतात. समुद्र आणि वातावरण दोन्ही त्यात एकत्र चालतात. सुरुवातीच्या आकड्यांत बारीक फरक करून तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवलं जातं आणि किती उत्तरं थंडीकडे झुकली, किती उबेकडे, ते मोजलं जातं. काहीच माहिती नसेल तर थंड, सरासरी आणि उबदार या तिन्हींना सारखीच, 33-33 टक्के शक्यता. अंदाजाने त्यातलं एक पारडं 50-55 वर गेलं, तरी शास्त्रज्ञ खूश असतात. ते पारडं जड म्हणजे दुसरी रिकामी, असं नव्हे.

शिवाय या प्रारूपाचा एक चौकोन सुमारे 38 किलोमीटरचा. पासली मधोमध धरलं तर तेवढ्यात तोरणा येतो, राजगड येतो, कानंदीचं खोरं येतं आणि घाट उतरून महाडकडचा दमट मुलूखही येतो. या सगळ्याला मिळून तापमान एकच. खाचरातली हवा आणि गडावरची हवा यांतला फरक त्याच्या गावीही नसतो. अल्प पल्ल्याच्या अंदाजासाठी 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम 6 किलोमीटरपर्यंत खाली आली आहे. पण ती पुढच्या काही दिवसांचं बोलते, पुढच्या हिवाळ्याचं नाही.

मोजण्यातही गोम आहे. अधिकृत किमान तापमान घेतात ते पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर ते दोन मीटर उंचीवर. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याने तयार केली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई हा त्याचा मुलगा. शांत, निरभ्र रात्री त्या पेटीतल्या हवेपेक्षा खालच्या गवताचं पातं काही अंशांनी गार असतं. म्हणून पेटीत 4 अंश असतानाही गवतावर बर्फाची साय धरू शकते. दर एक-दोन वर्षांनी 'महाबळेश्वरात बर्फ पडला' म्हणून वेण्णा तलावाकाठचे फोटो फिरतात, त्यातलं गुपित हेच. ते वरून पडलेलं हिम नसतं, तळ्याकाठी सखल जागेत गोठलेलं दव असतं. पुण्यातही पाषाण, शिवाजीनगरला शेकोटी पेटते, तेव्हा मगरपट्टा, कोरेगाव पार्कात सिमेंटच्या कृपेने चार-पाच अंश जास्त असतात. पुण्याचा नीचांक 1.7 अंशांचा, 17 जानेवारी 1935 चा. तेव्हाच्या पुण्यात एवढं सिमेंट नव्हतं.

मग पासलीत वाल-हरभरा पेरणाऱ्याने कशावर भरवसा ठेवावा? माझं मत विचाराल तर हंगामी अंदाज ऐकावा, पण त्यावर पेरणी बेतू नये. खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं. त्यातले पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी कामाचे असतात. हिमालयात बर्फ पडल्याची बातमी आली आणि बंगालच्या उपसागरात काही शिजत नसेल, तर दोन-तीन दिवसांत थंडी वाढणार, हे बातम्या बघूनही कळतं. आणि त्याच रात्रीचं जाणून घ्यायचं असेल, तर दोन साध्या तापमापी पुरतात. एकीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं, दुसरी कोरडी ठेवायची. संध्याकाळी दोन्हींतला फरक पाहून तक्त्यावरून दवबिंदू काढता येतो. वारा पडलेला आहे, आभाळ स्वच्छ आहे आणि बाहेरून वेगळी हवा येत नाहीये, अशा रात्री पारा पहाटेपर्यंत साधारण त्या दवबिंदूच्या आसपास येऊन थांबतो. दवबिंदू 12 निघाला तर एका गोधडीत भागेल. 4 निघाला, तर शेरडं-करडं आत बांधलेली बरी.